मन लावून हरणारा सोनबा

एका जंगलात, बाळांनो, वाघ उरला नव्हता, पण रेंज फुल्ल होती. त्यामुळे जो तो मोबाइलवर 'बीळबहाद्दर' नावाचा लढाईचा खेळ खेळायचा.

हा खेळ मोठा न्यायी होता. तो तोलामोलाच्या गड्यांच्या जोड्या जमवायचा. जिंकलात की वरच्या पायरीवर, तिथे तगडे गडी. हरलात की खालच्या पायरीवर, तिथे लेचेपेचे. सगळ्यात वर वाघपायरी आणि सगळ्यात खाली गांडूळपायरी.

सोनबा मुंगूस मधल्या लांडगापायरीवर होता. एक सामना जिंकायचा, एक हरायचा. तसा सुखात होता. पण ओढ्यापलीकडच्या येसूवर त्याचा जीव जडला आणि सुख संपलं. ती दिसली नाही की त्याला अंडंसुद्धा गोड लागेना.

येसूचे वडील तुळाजीमामा म्हणजे मुंगसांच्या पंचायतीचे प्रमुख. मिशा अशा, की बिळात आधी मिशा शिरायच्या, मग मामा. सोनबाने मागणी घातली तेव्हा त्यांनी पत्रिका मागितली नाही.

"अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत एकही सामना न हरलेला जावई हवा," मामा म्हणाले. "आमच्या घराण्याला हरणं ठाऊक नाही."

येसूला कुणी विचारलं नाही. बोधकथेत मुलीला विचारायची पद्धत नसते.

सोनबा तोंड पाडून परतला. वाटेत झुंबर साळिंदर भेटला. हा सगळ्या जंगलाला फुकट सल्ले द्यायचा.

"अरे, त्यात काय?" झुंबर म्हणाला. "आत्ता हरत सुट. थेट गांडूळपायरी गाठ. तिथे उंदरांची चिल्लीपिल्ली खेळतात. अमावस्या आली की त्यांना धोपट. समोर कोण होतं हे कोण बघतंय? दिसतं फक्त 'विजयी'."

"पण ते बरं दिसेल का?"

"तुला बरं दिसायचंय की लग्न करायचंय?"

सोनबा हरू लागला. पण बाळांनो, हरणं वाटतं तितकं सोपं नसतं. नुसतं उभं राहिलं तर खेळ हाकलून देतो. म्हणजे जीव तोडून लढतोय असं दाखवायचं आणि बरोब्बर विहिरीत पडायचं. सोनबा तलवार नदीत फेकायचा, मग ती शोधायला स्वतः उडी मारायचा. समोरच्याचा नेम चुकला तर जरा सरकून नेमात उभा राहायचा. जिंकण्यासाठी त्याने आयुष्यात एवढी मेहनत घेतली नव्हती.

अमावस्येच्या आदल्या दिवशी तो ससापायरीवर पोचला. आता एकच सामना हरायचा, की खाली गांडूळपायरी. समोर जो गडी आला, त्याने खेळात नाव घेतलं होतं 'रणधुरंधर'.

सोनबाने तलवार फेकली. रणधुरंधरानेही फेकली. सोनबा विहिरीकडे धावला, तर रणधुरंधर आधीच कठड्यावर हजर. दोघांनी एकदम उडी मारली. सामना बरोबरीत सुटला आणि खेळाने तो पुन्हा सुरू केला. असं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चाललं.

शेवटी सोनबाने माइक लावला. "अहो, मारा की मला!"

"तू मार ना!" पलीकडून आवाज आला. "मी केव्हाचा मान पुढे करून उभा आहे, दिसत नाही?"

आवाज ओळखीचा होता. सोनबाच्या अंगावरचे केस ताठ झाले.

"मामा?"

पलीकडून हळूच, "सोनबा होय?"

"तुम्ही इथे, ससापायरीवर?"

"खाली चाललोय," मामा कुजबुजले. "पंचायतीची निवडणूक आलीय. पौर्णिमेपर्यंत न हरलेला प्रमुख लोकांना दाखवायला नको?"

सोनबाला वाटलं, मोडलं लग्न. त्याला खरोखरच रडू आलं. पण मामांनी खेळातच त्याला कडकडून मिठी मारली.

"पोरा, मी वर्षानुवर्षं हरतोय. माझ्यासमोर एवढा वेळ न जिंकणारा गडी आज पहिल्यांदा भेटला. पोरगी तुझी!"

पौर्णिमेला थाटात लग्न झालं. अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि मंडपात खराखुरा नाग शिरला. फणा काढून पत्रावळींच्या मधोमध उभा राहिला. वऱ्हाडातली पिल्लं किंचाळली. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी सोनबाकडे.

"जावईबापू, आधी तुम्ही."

"छे छे मामा, तुम्ही वडीलधारे."

"नाही, आज मान तुमचा."

सोनबाने सवयीने विहीर शोधली. ती मंडपामागेच होती. तो तिकडे पळाला, तर मामा आधीच कठड्यावर.

येसूने मुंडावळ्या कपाळावरून वर सारल्या, पदर खोचला आणि नागावर झेप घेतली. पत्रावळी उडाल्या, धूळ उडाली. तिच्या कानातून रक्त आलं, पण तिने मानगूट सोडली नाही. अखेर नाग पडला.

सोनबा ओल्याचिंब अंगाने धावत आला आणि त्याने फोन काढला. "येसू, त्याला उचलून जरा माझ्या बाजूला उभी राहा. जिंकलो आपण!"

येसूने नवऱ्याकडे पाहिलं. मग पायाशी पडलेल्या नागाकडे पाहिलं. तिला नागाचं फार वाईट वाटलं.

"याने निदान फणा तरी काढला होता," ती म्हणाली.

तात्पर्य: बाळांनो, मन लावून हरत राहा. मनासारखं सासर मिळतं, पंचायतीतलं पद टिकतं. खरा नाग आलाच, तर घरात बायको असतेच. ती जिंकते आणि फोटो आपला येतो.