पंचा टाकून धरलेली जागा

सभा कसली आहे, हे भिकाजी मिस्त्री कधीच विचारत नसत. ती संपणार कधी, एवढंच विचारत. लवकर संपणार असं कळलं की त्यांचा चेहरा पडे.

लढाईच्या त्या दिवसांत आमच्या कोपरगावात सभांना तोटा नव्हता. कुणी सरकारच्या बाजूनं बोले, कुणी विरुद्ध. मिस्त्री दोघांनाही सारखीच मान डोलावत. जनावरांच्या खुरकुतीवरचं व्याख्यान त्यांनी पुढच्या सतरंजीवर बसून ऐकलं; घरात साधी शेळी नव्हती. मशिदीत मौलूद असला तर तिथं, मारुतीपुढं भजन असलं तर तिथं. एकदा तर कुणाच्या तरी लग्नाच्या बैठकीत जाऊन बसले. मुलीकडच्यांना वाटलं, हे मुलाचे मामा. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीचे. पोहे खाऊन आणि नवऱ्यामुलाच्या उंचीबद्दल मत देऊन मिस्त्री घरी आले.

बसत म्हणजे नावालाच. साखर कारखान्यातला फिटर माणूस. हाताला काम नसलं की गुडघा शिवणयंत्रासारखा हलायचा. तोंडानं 'चालू द्या, चालू द्या' हा जप. आणि शेजारची एक जागा ते पंचा टाकून धरून ठेवत. कितीही गर्दी होवो, तिथं कुणाला टेकू देत नसत. 'मानूस यायचंय,' म्हणत. माणूस कधी येत नसे. त्या पंच्यानं माझ्यापेक्षा जास्त भाषणं ऐकली असतील.

खरी पंचाईत आभाराच्या वेळी व्हायची. कुणी आभार मानायला उठलं की मिस्त्री हात वर करत. 'एक शंका हाय.' खुरकुतीच्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं, हा रोग हत्तीला होतो का. डॉक्टरही भला माणूस, हत्तीत शिरला. लोक दातओठ खात बसले. इतक्यात चावडीपलीकडच्या दारूच्या गुत्त्याच्या फळ्या खडखडत लागल्या. तो आवाज ऐकल्याबरोबर मिस्त्री 'फिटली शंका' म्हणाले, पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि सगळ्यांच्या आधी चालू लागले.

यात गुपित काही नव्हतं. पूर्वी दिवेलागणीपासून त्या फळ्या लागेपर्यंत मिस्त्री आतच असत. जोडीला गफूर टांगेवाला, स्टेशनावरची माणसं शिर्डीला पोचवून परतलेला. मिस्त्रींची बायको कंटाळून राहात्याला माहेरी निघून गेली, तेव्हा त्यांनी दारू सोडली. गफूरनं नाही सोडली. पण दारू सोडता आली तरी संध्याकाळ कुठं सोडणार?

'चार मानसांत बसलं की तेवढा वखत निघून जातो, मास्तर,' मला म्हणाले होते. मी शेजारी, त्यातून शाळामास्तर. गावातल्या सभांची वर्दी मला आधी लागे. म्हणून रोज सकाळी माझं तोंड धुऊन होण्याआधी त्यांची हाक कुंपणावरून येई, 'आज कुठं?'

पुढं रॉकेल मिळेनासं झालं. गॅसबत्त्या विझल्या आणि संध्याकाळच्या सभाही बंद पडल्या. पहिल्याच दिवशी दिवेलागणीला मिस्त्री माझ्या अंगणात येरझारा घालायला लागले. तुळशीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून तुळशीपर्यंत. मला पेपरची एक ओळ धड वाचता येईना. मी वैतागून म्हटलं, जरा बसा हो. ओसरीवर पंचा टाकून शेजारी बसले, लगेच उठले. फाटकाची कडी काढली, लावली, परत काढली. मग माझ्याकडं न बघताच बोलले.

'मास्तर, आज माझं काय खरं न्हाई.'

मी घाबरलो. अशा वेळी काय करायचं, हे मला कुठं ठाऊक? मग सुचलं ते केलं. पेपर टाकला, पंच्याशेजारी सतरंजी अंथरली आणि सभा सुरू झाल्याचं जाहीर केलं. अध्यक्षपदासाठी भिकाजी मिस्त्री यांचं नाव सुचवलं.

मिस्त्री कडी सोडून वळले. 'अनुमोदन कोन देनार? बिगर अनुमोदनाचा अध्यक्ष म्या न्हाई मानत.' इतक्या सभांतून एवढं मात्र पक्कं शिकले होते.

तेवढ्यात रस्त्यानं गफूर चालला होता. कुठं, ते सांगायला नको. मिस्त्रींनी फाटकातून हाक मारली, एक अनुमोदन दे आणि जा म्हणाले. गफूर आला, आमच्याकडं संशयानं बघितलं आणि 'दिलं' म्हणाला. मिस्त्री रीतसर सतरंजीवर बसले. गफूरची नजर शेजारच्या पंच्यावर गेली.

'हितं कोन यायचंय?'

'तूच,' मिस्त्री म्हणाले. 'वरीस झालं, जागा धरून बसलोय.'

गफूरनं एकदा चावडीच्या रस्त्याकडं पाहिलं. मग चपला काढल्या आणि पंच्यावर बसला. भाषण कुणी केलं नाही. कारखान्याच्या भोंग्याबद्दल, गफूरच्या घोडीच्या सुजलेल्या पायाबद्दल थोडं बोलणं झालं. दोघांचेही गुडघे हलत होते.

फळ्या लागल्याचा आवाज आला. मी आभार मानायला उठलो, तर या खेपेला हात गफूरनं वर केला.

'एक शंका हाय मास्तर. उद्याची सभा कुठं?'

मी अध्यक्षांकडं पाहिलं. त्यांनी नुसता हातानं माझ्या ओसरीचा खांब थोपटला. दोघं बरोबरच गेले. पंचा ओसरीवरच राहिला होता. उद्या लागेल म्हणून मी तो उचलला नाही.