शेवटचा सात

"जगात डोकी दोनच प्रकारची," दुर्बीण म्हणाले, "एक माझं, आणि बाकीची टोपी घालायला."

दुर्बीण हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं होतं. आजवर त्यांनी तीन प्रकरणं सोडवली, आणि तिन्ही वेळा हरवलेली वस्तू त्यांच्याच खिशात निघाली. खिसे तपासायचं काम मेहुण्याचं. बहिणीच्या संसाराकडे बघून तो गप्प बसे.

निवृत्त गणित मास्तरांच्या घरात शिरताच दुर्बिणींनी दारामागे कोट अडकवला आणि भिंत न्याहाळली. भिंतीवर पितळी आकडे स्क्रूनं बसवले होते: २१४७४८३६४. पुढे दोन रिकामी भोकं.

"इथे सात होता," मास्तर म्हणाले. "मूळ संख्या आहे ही. सत्तेचाळीस हजारांच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येनं मी हिला हातानं भागून पाहिलंय. अकरा वर्षं लागली. कुणालाच दाद दिली नाही हिनं. आता शेवटी चार. दोननं जाते, तीननं जाते, चारनं जाते. पाच वाजता जुने विद्यार्थी बघायला येणार आहेत. सम संख्येला मूळ म्हटलं म्हणून ज्यांचे कान पिळले, तेच."

मेहुण्याला मास्तरांची दया आली.

"पितळचोर," दुर्बीण म्हणाले.

"भाऊजी, मग बाकीचे नऊ?"

"तेच सांगतोय, पितळचोर नाही. खालच्या दंतवैद्याच्या दाराचा नंबर किती?"

"सात. पण तो रंगवलेला आहे."

दुर्बिणींनी तरी जाऊन तो नखानं खरवडला. दंतवैद्यानं त्यांना खुर्चीत बसवलं, आणि ते एक दाढ कमी होऊन परतले.

"वजाबाकी करणारी टोळी आहे," ते गाल धरून म्हणाले.

तेवढ्यात काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, बाजारातून आल्या. "ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर कोट कुणी टाकला?" त्यांनी कोट उचलला, शर्ट उचलला. खाली दारावर सात चमकत होता.

"खुंटी तुटून दोन महिने झाले," काकू म्हणाल्या. "रोज सांगते, तर म्हणता, एवढा भागाकार होऊ दे. दहातला एक घेतला."

"अगं, पण तो शेवटचा."

"दाराजवळचा होता. आणि अकरा वर्षं ऐकतेय, हिला कुणी भागू शकत नाही. मी दोन स्क्रू काढले फक्त."

मास्तरांनी दारावरचा सात सोडवून घेतला.

"मुद्देमालावर पहिला हात माझाच पडला, नोंद कर," दुर्बीण म्हणाले. मेहुण्यानं दाढ लिहून घेतली.

सात जागेवर बसला. मास्तरांनी मेहुण्याला कानात काही सांगून दुकानात धाडलं. तो खुंटीऐवजी पितळी दोनचा आकडा घेऊन आला. मास्तरांनी तो स्वतः दारामागे स्क्रूनं बसवला.

"दोनच का?" काकूंनी विचारलं.

"सम असून मूळ आहे. अख्ख्या गणितात अशी एकटीच," मास्तर स्क्रूकडे बघत म्हणाले. "ती कशी, ते मला शेवटपर्यंत कळायचं नाही."

काकूंनी शर्ट त्यावर अडकवला, आणि मग उगाचच दोनदा सारखा केला.