आंबिलीची कावड

यंदाच्या येळवसेला, म्हणजे शेतात पूजा करून जेवायच्या वेळ अमावास्येला, आंबील डोक्यावरून न्यायची नाही, कावडीनं न्यायची, असं मी ठरवलं. तेवढा माझा अभ्यास झाला होता. माझी मुलगी अंबिका लातुरात नीटची तयारी करते आणि शिकलेलं पक्कं व्हावं म्हणून रोज मला शिकवते. (मी कारकून आहे, मुकाट्यानं ऐकून घ्यायची सवय आहे.) परवाच तिनं वस्तुमानाचा मध्य शिकवला. दांडीच्या दोन्ही टोकांना सारखं वजन असलं की मध्य बरोब्बर मधोमध. एक टोक हलकं झालं की तो जड टोकाकडं सरकतो.

आंबील सासूबाईंची, म्हणजे पार्वतम्मांची होती. मुरुडजवळच्या त्यांच्या गावातून शेतापर्यंत त्यांनी चाळीस वर्षं ती घागर डोक्यावरून नेली, थेंब न सांडता. यंदा गुडघ्यांनी दगा दिला. आंबील पायीच जायची, अशी रीत. त्यांनी घागर माझ्या हवाली केली तेव्हा मला खरंच भरून आलं, कारण अठरा वर्षांत त्यांनी पाण्याचा तांब्यासुद्धा माझ्या हाती भरवशानं दिला नव्हता. "सांडू नका जावई, वीस माणसं जेवायला हायेत," एवढंच म्हणाल्या आणि अंबिकाला घेऊन जीपनं पुढं गेल्या.

मी दांडीच्या एका टोकाला घागर आणि दुसऱ्या टोकाला शेंगा-भाज्यांच्या भज्जीचं भगुणं बांधलं. दांडी खांद्यावर अशी बसली की मला माझाच अभिमान वाटला.

पहिल्याच शेतात व्यंकटमामांनी अडवलं. येळवसेला वाटेवरच्या माणसाला कुणी तसंच जाऊ देत नाही. जेवायला थांबत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, निदान पार्वतम्माच्या हातची आंबील तरी चाखवा. मी दोन तांबे दिले. कावड उचलली तर भगुणं खाली! मध्य सरकला होता. म्हणून थोडी भज्जी वाढली. ती जरा जास्तच वाढली गेली आणि आता घागर खाली. मग आणखी एक तांब्या. तोवर शेजारच्या बांधावरची माणसं गोळा झाली होती. जावई भरभरून वाढतात, ही बातमी पुढच्या पाच शेतांत माझ्याआधी पोचली. प्रत्येक ठिकाणी मी काटेकोर तोल साधला.

सासूबाई पूजेसाठी रचलेल्या कडब्याच्या कोपीपुढं वाट बघत उभ्या होत्या.

"सांडली का?"

"एक थेंब नाही," मी छाती काढून म्हणालो.

त्यांनी घागरीत डोकावलं, भगुण्यात डोकावलं, मग माझ्याकडं पाहिलं. दोन्हींच्या तळाला नैवेद्यापुरतं उरलं होतं. कावड मघापासून इतकी हलकी का लागत होती, ते मला तेव्हा कळलं. अठरा वर्षांनी मिळालेला भरवसा मी पळीपळीनं वाटून आलो होतो. मला फार वाईट वाटलं.

"पप्पा," अंबिका हळूच म्हणाली, "दांडीच खांद्यावर चार बोटं सरकवायची होती."

(हेही तिनं शिकवलं असणार. मला अधूनमधून डुलकी लागते.)

तेवढ्यात व्यंकटमामा आपली घागर घेऊन आले. त्यांच्यामागं बाकीच्या शेतांतूनही भगुणी आली. वीस माणसं पोटभर जेवली. असा दिलदार जावई पाहिला नाही, असं सगळे म्हणाले, तशा सासूबाई हसल्या. मला धीर आला. पुढच्या वर्षीही मीच आणतो, मी म्हणालो.

"आणा की," सासूबाई मायेनं म्हणाल्या. "कावड तुम्ही आणा. आंबील अंबिका आणंल."