साळवीकाकांनी धरलेली जागा

रविवारी दुपारी सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या आमच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, टेकायला जागा मिळत नाही, आणि साळवीकाका दोन जागा अडवून बसत. एका स्टुलावर स्वतः, दुसऱ्यावर टिश्यूचं पाकीट. पाकीट ठेवलं की जागा धरली, हा इथला रिवाजच. पण बाकीचे लोक पाकीट ठेवून जेवण घेऊन परत येतात. काकांच्या पाकिटाचा मालक कधी येतच नसे.

“अंकल, कोणी येणार आहे की नाही?” ट्रे घेऊन ताटकळलेला माणूस विचारी.

“येणार आहे,” काका कॉफी ढवळत म्हणत. शेजारी बसून मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

काका आमच्याच ब्लॉकमधले, बायको गेलेली, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेतून निवृत्त. त्यांच्या तोंडी सदा एक पाद्रीसाहेब. हे गोऱ्या साहेबाच्या राज्यात कोकणात शाळा चालवणारे प्रेस्बिटेरियन मिशनरी; काकांचे पणजोबा त्या शाळेतले. लिफ्ट बंद पडली की, “पाद्रीसाहेब म्हणत, चढण चढताना बोलू नये.” माझी आमटी खारट झाली की, “पाद्रीसाहेब म्हणत, भात वाढवावा, तोंड वाजवू नये.”

“तुमच्या पाद्रीसाहेबांना बायबलपेक्षा आमटीचंच जास्त कळत होतं,” मी एकदा म्हटलं.

“अगं, उपाशी पोराला बायबल काय शिकवणार?”

एका रविवारी एक गृहस्थ पाकीट सरकवून बसायला लागले. काकांनी त्यांना आपलं स्टूल दिलं आणि स्वतः उभ्याने कॉफी प्यायले. वय पंचाहत्तर, गुडघे कामातून गेलेले. मी चिडलेच.

“पाद्रीसाहेबांनी एका मुलाला रागाच्या भरात शाळेतून हाकललं,” काका म्हणाले. “मग बाकावरची त्याची जागा कुणाला दिली नाही. तपासणीला आलेला साहेबसुद्धा उभा.”

“आला का तो मुलगा?”

“कॉफी गार होतेय तुझी.”

काकांनीही एकाला हाकललं होतं. त्यांचा मुलगा सुनील युनिव्हर्सिटी सोडून स्वयंपाकी व्हायचं म्हणाला, तेव्हा ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ म्हणाले. त्याने ते पाळलं. राहतो सेम्बावांगला, एमआरटी मेट्रोने तासाभरावर. आईच्या अंत्यविधीला आला आणि मागच्या बाकावरून निघून गेला. काका दर रविवारी त्याला मेसेज करत, ‘नेहमीच्या टेबलावर आहे.’ ‘चुकलो’ हा शब्द काही त्यांच्याने लिहवला नाही.

काकांना हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा मी पुन्हा विचारलं, “त्या मुलाचं काय झालं हो?”

“आला ना. माझे पणजोबाच ते. बऱ्याच वर्षांनी आले.”

“पाद्रीसाहेबांना केवढा आनंद झाला असेल.”

“ते वारले होते. पण जागा होती.” मग म्हणाले, “या रविवारी तू बसशील का गं तिथे?”

मी हो म्हटलं. बाहेर येऊन रडले. रागही आला, बापाचा आणि लेकाचाही. एक फोन करायला दोघांचं काय जात होतं?

रविवारच्या आधीच काका गेले. अंत्यविधी सुनीलनेच केला, कुणाशी न बोलता. तरी रविवारी मी कबूल केल्याप्रमाणे काकांच्या स्टुलावर बसले, शेजारी पाकीट ठेवलं आणि तीन ट्रेवाल्यांना “येणार आहे” म्हणून सांगितलं.

चौथा माणूस रिकाम्या हातांनी आला होता. काकांसारखंच कपाळ.

“आंटी, इथं कोणी बसतंय का?” सुनीलने विचारलं.

मी पाकीट उचलून त्याला जागा करून दिली. तो बसला, आणि थोड्या वेळाने मी ते टिश्यूचं पाकीट फोडून त्याच्यापुढे सरकवलं.