पवनचक्कीचं तोंड तुळजापूरकडं

आबाराव दूध सोसायटीचा चेअरमन झाला आणि घरात सरळ बोलायचंच विसरला. मथुराबाईंनी "अजून एक भाकरी टाकू का?" विचारलं, तर पोटचा पोरगा म्हणायचा, "बघू, विचार करू." भाकरीवर कसला आलाय विचार! जिथं करायचा तिथं मात्र केला नाही. सोसायटीच्या विहिरीवर इंजिन बसवायचं सोडून सगळ्या मेंबरांनी एकमतानं पवनचक्की निवडली.

"माय, डिझेल मिळंना, लाईट टिकंना. वारा फुकट हाय."

"फुकटचा पाव्हणा सांगितल्या वेळंला येतो व्हय?" मथुराबाई म्हणाल्या.

पण त्या दुष्काळात वाऱ्यानं त्यांनाच खोटं पाडलं. आषाढ लागला, तरी ढग मागं कुत्रं लागल्यासारखे माळावरून नुसते पळायचे. थेंब नाही, वारा मात्र रातंदिस. मोटेचे बैल छावणीला गेलेले. म्हशींसाठी तळातलं पाणी हातानं शेंदून मथुराबाईंच्या तळहाताची साल निघाली. त्यामुळं विहिरीवर चक्की उभी राहिली, तशा त्या गुपचूप तिच्या बाजूच्या झाल्या. तोंडानं कबूल करायचा प्रश्नच नव्हता.

चक्की देणाऱ्या सरकारी साहेबानं एकच अट घातली होती. उद्घाटनाला पाणी पडलं तर चक्की तुमची, नाहीतर उचलून शेजारच्या ईट गावच्या सोसायटीला. ईटचे चेअरमन शिवलिंगप्पा त्या दिवशी ट्रॅक्टरला रिकामी ट्रॉली जोडूनच हजर झाले. "कडबा न्यायला आलोय," म्हणाले. ट्रॉलीत कासरे आणि पहारी होत्या. कडबा काय पहारीनं खणून काढतात?

सकाळी पाहुणे यायच्या आधी मथुराबाई पूजेचं ताट घेऊन विहिरीवर गेल्या, तर ब्रेक लावलेलं चाक वाऱ्याकडं तोंड करून उभं! म्हणजे भवानीकडं कूस. घरात नवा बैल येवो की नवी सून, आधी तुळजापूरकडं तोंड करून हात जोडायचे, मग कामाला जुंपायचं, हा मथुराबाईंचा कायदा. त्यांनी सोसायटीत दूध मापणाऱ्या बलभीमला वर चढवलं.

"काकू, शेपटाला हात लावू नका म्हणून फिटरनं बजावलंय. शेपूटच चाकाला वाऱ्याकडं वळवतंय."

"फिटरच्या घरी देव न्हाय का? वाऱ्याचं मागनं बघू. बांध."

बलभीमनं चाक तुळजापूरकडं वळवलं आणि शेपूट म्हशीच्या दाव्यानं करकचून बांधलं. नारळ फुटला की सोडायचं ठरलं होतं. पण तेवढ्यात साहेबाची जीप आली, चहाला साखर कमी पडली, आणि दावं दोघंही विसरले.

साहेबानं ब्रेक सोडला. टाळ्या पडल्या. चाक ढिम्म.

वारा असा, की मांडव गरोदर बाईसारखा फुगलेला, साहेबाची टोपी बाभळीवर जाऊन बसलेली. आबाराव एका हातात फेटा, दुसऱ्या हातात माईक धरून सांगत होता, "आज वारा जरा कमी पडतोय."

कुणी म्हणालं गोडं तेल सोडा, कुणी म्हणालं दृष्ट काढा.

"आमच्या ईटचा वारा जरा कामसू हाय, साहेब," शिवलिंगप्पा हळूच म्हणाले.

"मग न्या," साहेब वैतागून म्हणाला. ईटची माणसं पहारी घेऊन उठली.

मथुराबाईंना पुन्हा ते शेंदणं दिसायला लागलं. त्यांनी वर बघितलं. पताकांच्या सुतळ्यांत त्यांचं दावं! बलभीम दुधाच्या कॅनमागं लपायला जागा शोधतच होता.

"थांबा पाव्हणं," त्या शिवलिंगप्पांना आडव्या झाल्या. "लेक सासरी धाडताना ओटी भरत्यात. चक्की काय तशीच न्याल? बलभीम, चढ वर."

ओटीच्या खणात त्यांनी विळा गुंडाळून दिला.

त्याच वेळी आबाराव आणि साहेब पाइपच्या तोंडाला डोळा लावून आत काय अडकलंय ते बघत होते. दावं तुटलं. शेपूट सपकन फिरलं, चाक वाऱ्याला भिडलं आणि भिंगरीसारखं सुटलं. पाइप ढेकर दिल्यासारखा गुरगुरला आणि गढूळ पाण्याचा लोंढा दोघांच्या तोंडावर बसला. पाण्याचा वास लागल्यावर म्हशी कुणाचं ऐकतात? खुर्च्या, मांडव, माईक तुडवत त्या हौदावर पोचल्या. शिवलिंगप्पा जीव घेऊन आपल्याच रिकाम्या ट्रॉलीत चढले.

चिखलानं माखलेला साहेब हसत म्हणाला, "चक्की इथंच राहू द्या."

पाहुणे गेल्यावर आबाराव तुटलेलं दावं घेऊन आला. "माय, हे आपल्या म्हशीचं न्हाय का? शेपटाला कुणी बांधलं?"

मथुराबाईंनी दावं ओढून घेतलं, झटकलं आणि म्हणाल्या,

"म्या बांधलं. पण सकाळधरनं ते डोक्यावर लोंबत हुतं, आबा. मान वर केली असतीस तर दिसलं असतं. साहेबाच्या बुटाकडं बघत हिंडणाऱ्या चेअरमनला आभाळातलं काय दिसणार?"