पयले पाय धुवा, मंग आग विझवा

प्रफुलनं तसं फार काही केलं नव्हतं. जर्मनीहून निघताना विमानतळावर कॉफीच्या रांगेत उभ्या उभ्या बायकोचा ब्लॉग गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर टाकला, खाली 'वाचा, लय मजा येते' असं लिहिलं आणि फोन खिशात ठेवला. ब्लॉगवर रीताचं नाव नव्हतं, नुसतं 'एक सून' एवढंच होतं. त्यामुळे आपण मोठ्या हुशारीनं वागलो, असंही त्याला वाटलं. (प्रफुल कारखान्यात मशीन डिझाइन करतो. त्याच्या मशीनवर चुकीचं बटन दाबलं की लाल दिवा लागतो. संसारात अशी सोय नसते.)

ही बातमी त्यानं बायकोला दिली ती गावाकडच्या वाटेवर, गाडीत, ब्रह्मपुरी मागे पडल्यावर, वडसा जवळ आल्यावर.

"कोनता भाग टाकला?" रीतानं विचारलं.

"आईचा. फायर ब्रिगेडवाला. तोच तं सगळ्यात भारी हाये."

"गाडी फिरवा."

"कुठी?"

"जर्मनीले!"

गाडी अर्थातच फिरली नाही. उद्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची नाटकांची जत्रा होती, लेकीबाळी आणि पाहुणे गोळा झाले होते, आणि घरात सासूबाई, म्हणजे गुणाबाई, नातीची वाट पाहत होत्या. नात दिव्यानी मागच्या सीटवर झोपली होती. रीता मात्र प्रफुलच्या फोनवर ग्रूपमधले अंगठे मोजत होती.

रीता मूळची सिंदेवाहीची, माहेरी बोलघेवडी म्हणून प्रसिद्ध. पण जर्मनीत गेल्यावर तिची बोलतीच बंद झाली. बालवाडीच्या फाटकाशी बाकीच्या आया गप्पा मारायच्या आणि ही नुसती हसायची. इतकी हसायची की घरी येईस्तोवर गाल दुखायचे. दुकानात तिच्या वतीनं दिव्यानी बोलायची, आणि आपल्याला हवं ते चॉकलेट आईच्या नावावर मागून घ्यायची. शेवटी एके दिवशी रीतानं आपल्या झाडीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या बोलीत एक ब्लॉग लिहून टाकला. कुठून तरी ऑस्ट्रेलियातून मूल गावच्या एका बाईचं उत्तर आलं, 'माय वो, पोट धरून हासली!' रीता तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून रडली. एवढ्या मोठ्या देशात आपलं कुणी तरी ऐकलं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं होतं.

मग तिनं सासूबाईंचा किस्सा लिहिला. गुणाबाई जर्मनीला आल्या, त्या सुक्या मासोळ्या घेऊन. खिडक्या बंद ठेवून त्यांनी त्या तव्यावर भुंजल्या. धुराचा भोंगा वाजला, शेजाऱ्यांनी फोन केला आणि लाल गाडीतून हेल्मेटवाले धिप्पाड जवान दारात उभे राहिले. आता दारात पाहुणा आला म्हटल्यावर गुणाबाईंना एकच गोष्ट माहीत. त्यांनी पाण्यानं भरलेला गडवा पुढे केला आणि बूट काढायची खूण केली. जवानांना वाटलं, म्हाताऱ्या बाईचे पाय भाजले असावेत. ते तिच्या पायांकडे बोट दाखवत होते, ती त्यांच्या. या गोंधळात लाकडी फरशीवर इतकं पाणी सांडलं की खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या दिव्यातून ठिबकू लागलं. आगीचा पत्ता नव्हता, पुराचा मात्र पंचनामा झाला.

गावी मात्र गुणाबाईंनी हीच गोष्ट वेगळी सांगितली होती. जर्मनीच्या सरकारनं लाल गाडी पाठवून आपल्याला सलामी दिली, असं त्या दर मंडईला सांगत, आणि बायका पदर सावरून ऐकत. सांगून सांगून आता त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. त्यांचा सगळा मान आता त्या ब्लॉगवर लटकला होता. आणि रीताचा ब्लॉग सासूबाईंच्या रागावर. 'बंद कर ते' असं त्या म्हणाल्या, की रीता पुन्हा बालवाडीच्या फाटकाशी मुकी उभी राहणार होती.

मंडईच्या दिवशी सकाळी अंगणात वड्यांची तयारी चालली होती. गुणाबाईंचा हात पिठात होता. त्यांची नणंद पार्बताबाई नवा फोन घेऊन बाजेवर बसली होती. तिला मोठ्यानं ओरडल्याशिवाय वाचता येत नसे.

"गुणावयनी, हे आयका वो. कोन्या सुनेनं लिवलं हाये, साऱ्या गावात फिरून राह्यलं."

"आत्याबाई, वडे जळून राह्यले!" रीता ओरडली.

"अजून टाकलेच नाई वो," पार्बताबाई म्हणाली आणि वाचायला लागली.

रीतानं प्रफुलकडे पाहिलं. प्रफुल अचानक गोठ्यातल्या बैलाचं शिंग निरखून बघू लागला होता. वाचन अजून मासोळ्यांच्या धुरापर्यंतच आलं होतं आणि बायका हसत होत्या. सगळ्यात जास्त हसत होत्या गुणाबाई.

"कोनाची सासू व्हय वो हे?" त्यांनी डोळे पुसले. "मासोळ्या भुंजाच्या तं खिडकी उघडा लागते, येवढंबी समजत नाई बावळटीले!"

रीताला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात पार्बताबाईनं पुढचं वाक्य वाचलं, "सासूबाई म्हनाल्या, 'बापूहो, पयले पाय धुवा, मंग आग विझवा!'"

हसणं एकेक करून थांबलं. दारात आलेल्या प्रत्येकाला 'बापूहो, पयले पाय धुवा' म्हणणारी बाई पंचक्रोशीत एकच होती. गुणाबाईंचा हात पिठातच राहिला.

"वयनी," पार्बताबाई हळूच म्हणाली, "तुमच्या सलामीची गाडीबी लालच होती ना वो?"

सासरे मुखरूभाऊ ओसरीवरून म्हणाले, "मंग त्या खालच्याच्या घरात लय पानी गेलं काय?"

"मी लिवलं, आई," रीता म्हणाली. "चुकलं माहं. मी आत्ताच बंद करते."

गुणाबाईंनी हात धुतले. पदराला पुसले. सुनेकडे इतका वेळ पाहिलं की प्रफुल बैलाच्या पलीकडच्या बाजूला गेला.

"बंद?" त्या म्हणाल्या. "काऊन बंद? माही इस्टोरी हाये, तू कोन बंद करनारी?" मग बायकांकडे वळून त्यांनी आवाज चढवला. "मीनंच सांगतलं तिले. म्हटलं, लिव सारं. जगाले समजू दे, आपल्या गावची बाई कुठीबी गेली तरी पाहुण्याले पाय धुवाले पानी देते. आन् सलामी म्हनता तं सलामी त्यायनं देल्लीच. जाताना देल्ली!"

(तसं पाहिलं तर निघताना एका जवानाचा हात खरोखरच कपाळाशी गेला होता. त्याला घाम आला होता.)

"मंग पयले काऊन नाई सांगतलं?" पार्बताबाईनं विचारलं.

"पयलेच सांगतलं असतं तं तुमी आता वाचलं असतं काय?"

बायका पुन्हा हसल्या, या वेळी गुणाबाईंच्या बाजूनं. रीताचा जीव भांड्यात पडला. ब्लॉग बंद होण्यापासून वाचला होता. तिला सासूच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण सासूच्या भोवती तोवर एवढी गर्दी झाली की जागाच उरली नाही.

दुपारपर्यंत बातमी मंडईत पोचली. नाटकाच्या मंडपात सरपंच माइक तपासत होते. त्यांनी तिथल्या तिथे शाल आणि नारळ मागवला आणि 'आपल्या गावच्या लेखिका सौ. गुणाबाई' असा पुकारा केला. गुणाबाई मंचावर गेल्या. रीताला त्यांनी हातानं खूण करून मागे उभं केलं आणि फोन धरायला दिला.

"आन् ह्या कोन?" सरपंचांनी माइक पुढे करत विचारलं.

"सून व्हय माही. लिवनं माहं, टायपिंग हिचं," गुणाबाई म्हणाल्या. "पोरीचा हात लय फास्ट हाये. फक्त मधामधात आपल्या मनानं काईबाई घुसडते, ते मले काढा लागते."