मोटारीचे मेण आणि आप्पांचा नारळ

होडी पाण्यात असते तोवर तिच्या रंगाकडे कुणी बघत नाही. ती किनाऱ्यावर ओढून ठेवली, की अख्खी वाडी तिला रंग लावायला येते. हे सत्य आमच्या शेजारीण खतिजाबी यांनी मला मोटार दारात आली त्याच दिवशी सांगितले होते. त्यांच्या घरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर असतात. तेव्हा त्यांना होड्यांतले कळत असणार, पण मोटारीतले काय कळणार, असे मला वाटले. मी बी. ए. आहे (तर्कशास्त्र घेऊन). मी त्यांना चहा दिला आणि विषय बदलला.

"लावायचं ते लावा, वैनी," जाताना त्या म्हणाल्या. "पण आधी म्हाताऱ्याला फिरवून आणा."

म्हातारा म्हणजे माझे सासरे, आप्पा. मोटार घेण्याचे कारणही तेच होते. आप्पांचा उजवा डोळा मोतीबिंदूने गेला होता आणि डाव्यावर साय धरू लागली होती. पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांना घाटावर नेऊन शस्त्रक्रिया करायची, असे ठरले होते. "त्याचं काही सांगता येत नाही," आप्पा म्हणाले. "आहे त्या नजरेने एकदा हेदवीला जाऊन येतो. गणपतीचे दहाही हात लहानपणी मोजले होते. पुन्हा एकदा मोजायचेत."

बेत सोपा होता. मोटारीने जयगड, तिथून तरीच्या होडीने खाडीपार, पुढे बैलगाडी. आमचे हे वकील आहेत. त्यांनी मुंबईच्या एका डॉक्टरांची जुनी काळी मोटार घेतली, आंबा घाटाने सुखरूप आणली, आणि मग तिच्याबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका वाचली. इथून सगळे शास्त्रशुद्ध होत गेले.

पुस्तिकेत म्हटले होते, की समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने मोटारीचा रंग खराब होतो, सबब त्यावर मेणाचा हात द्यावा. ह्यांनी हेदवीला निघण्यापूर्वी एक हात दिला. ओल्या मेणावर धूळ बसू नये म्हणून निघणे पुढच्या रविवारावर गेले. पुढच्या रविवारी वाळलेले मेण फिके दिसले, म्हणून आणखी एक हात. दसऱ्याला पूजेआधी एक. पूजेनंतर हळदकुंकू निघेना, म्हणून त्याच्यावरून एक. मुंबईचा डबा संपला तेव्हा मधाच्या पोळ्याचे मेण खोबरेलात वितळवून लावले. तेही संपले तेव्हा मुठेल लावले. (मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात. मोटारीला टाचा नाहीत, पण ह्यांचे म्हणणे, तत्त्व तेच.)

शिमग्यापर्यंत मोटारीची सद्यःस्थिती अशी झाली. सरकारदरबारी तिचा रंग काळा होता. प्रत्यक्षात तो जांभ्या चिऱ्यासारखा तांबडा झाला होता, कारण आमच्या रस्त्याची धूळ थराथरांतून कायमची वस्तीला आली होती. डाव्या दारावर आंब्याचा मोहोर चिकटला होता. टपावर कावळ्याचा पाय होता (फक्त ठसा). मागच्या बाजूला दसऱ्याचे आपट्याचे पान जसेच्या तसे जतन झाले होते, आणि पुराणवस्तू संशोधकांना ते कधीतरी उपयोगी पडेल. दुपारी बोनेट पाघळे आणि संध्याकाळी पुन्हा गोठे. मुंग्यांनी मडगार्डवरून वाहतूक सुरू केली होती. ती आमच्या रस्त्यावरच्या वाहतुकीपेक्षा शिस्तीची होती.

आमच्या बाळाने एकदा मोटारीच्या दाराचा कोपरा चाटला. मी डॉक्टरांना विचारले. काही होत नाही म्हणाले. मी पुन्हा विचारले. पुन्हा तेच म्हणाले. (एकच उत्तर दोनदा मिळाले म्हणजे ते पाठ केलेले असण्याचा संभव असतो, म्हणून मी त्या दिवशी बाळाला झोपू दिले नाही.)

तात्पर्य, जुने मेण काढल्याशिवाय मोटार बाहेर नेणे धोक्याचे, असे सर्वानुमते ठरले. मऊ मेणावर धूळ बसते, ती पुसताना रंगावर चरे पडतात. पंचवार्षिक योजनेचे दिवस होते, आणि त्या दिवसांत कुणी काही एकट्याने करत नसे. समिती झाली. बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले रावजी अध्यक्ष झाले, कारण त्यांनी रस्ते केले होते आणि मोटार रस्त्यावर चालते. बोनेट त्यांच्या अखत्यारीत गेले. दारे काशीराम सुताराकडे, कारण तो लाकडी कपाटांना पॉलिश करतो. टप ह्यांच्याकडे. मागची बाजू महिला प्रतिनिधी म्हणून माझ्याकडे आली. ती बाजू कुणाला दिसत नसल्यामुळे राखीव ठेवण्यात कुणाची हरकत नव्हती.

कामाला सुरुवात झाली. रावजींनी बोनेटला रॉकेल लावले. मेण निघाले, पण रॉकेलचा तेलकटपणा राहिला. काशीरामने दारांना रिठ्याचे पाणी लावले. मेण निघाले, पण त्याला वाटले रंग तहानलेला दिसतो, म्हणून त्याने वरून खोबरेलाचा हात फिरवला. "लाकडाला तसंच करतंव आमी," तो म्हणाला. "मोटार लाकडाची नाही, काशीराम," हे म्हणाले. "न्हाय ना," काशीराम म्हणाला, "म्हणून जरा जास्त लावलंय."

ह्यांनी टपाला तांदळाची गरम पेज लावली. कुठल्याशा मासिकात त्यांनी असे वाचले होते. पेज वाळून टप पांढरा झाला आणि रावजींची शेळी बोनेटवर चढून तो चाटू लागली. माझ्या निरीक्षणाप्रमाणे समितीत सर्वात चोख काम त्या शेळीचे होते, परंतु ती सभासद नसल्यामुळे तिला हाकलण्यात आले.

मी कणकेचा गोळा फिरवला. घट्ट मळलेली कणीक, वर पाण्याचा शिपका, आणि हलक्या हाताने लाटल्यासारखी. मेण, धूळ आणि आपट्याचे पान सगळे तिला चिकटून आले. खाली काळाभोर रंग निघाला, त्यात माझा चेहरा दिसला. मी समितीला बोलावले. समितीने ती जागा पाहिली आणि मागची बाजू निर्णायक धरता येणार नाही, असे मत नोंदवले.

काम पुरे झाले की नाही हे ठरवायला रावजींनी अळवाची चाचणी बसवली. मोटारीवर तांब्याभर पाणी ओतायचे. अळवाच्या पानावर राहतात तसे थेंब राहिले, तर मेण शिल्लक आहे. पाणी पसरून सपाट वाहिले, तर मेण गेले. चाचणी अचूक होती. मात्र ती प्रत्येकाला स्वतः करून बघायची असे. येणारा-जाणारा विहिरीवरून तांब्या आणी, ओते, वाकून बघे, आणि "अळू आहे अजून," असे सांगून पुढे जाई. वैशाखात आमच्या विहिरीला तळ दिसू लागला. बाळाच्या अंघोळीचे पाणी मी मोजून ठेवू लागले. मोटारीला मात्र दिवसातून कैक अंघोळी होत.

आणि आप्पा रोज तयार होऊन ओटीवर बसत. काळा कोट, टोपी, काठी, आणि कापडी पिशवीत देवाला वाढवायचा नारळ. नारळ फार दिवस राहिला तर नासेल, म्हणून शनिवारी मी तो काढून वाटणाला घेई आणि पिशवीत नवा ठेवी. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे सोलकढी वारंवार झाली, आणि चांगली झाली.

बसल्या बसल्या आप्पांनी एक सराव चालवला होता. बाळाचा हात समोर धरून ते बोटे मोजत. शिमग्याच्या सुमारास ते चटकन "पाच" म्हणत. चैत्रात जरा थांबून म्हणत. वैशाखात एकदा म्हणाले, "चार... आणि एक असणारच." मी धावत जाऊन बाळाची बोटे मोजली. पाच होती. माझा जीव भांड्यात पडला आणि मी पुन्हा कणीक मळायला गेले.

"हरी, आज?" आप्पा ह्यांना विचारत.

"आज नको, आप्पा. मेण अर्धंच निघालंय. अर्धवट मेणावर धूळ वाईट."

"पुरं निघालं की?"

"मग रंग उघडा पडेल. उघडा रंग खाऱ्या हवेत न्यायचा नसतो."

"मग?"

"मग नवीन मेण लावू."

"आणि मग निघू?"

"ते वाळल्यावर. ओल्या मेणावर धूळ बसते."

आप्पांनी हे सगळे मनात लावून पाहिले. "म्हणजे रंगाला काही होणार नाही," ते म्हणाले.

"काही नाही."

"ते महत्त्वाचं."

यात टोमणा होता असे मला वाटत नाही. आप्पा जुन्या वळणाचे आहेत. शिवाय मीही त्याच मताची होते. रॉकेलच्या वासात बाळाला घेऊन बसायचे म्हणजे त्याला खोकला होणार, तो वास जाऊ द्यावा, असे मीच दोनदा सुचवले होते. तर्कशास्त्रात याला काय म्हणतात ते मला येत होते, पण आठवले नाही.

अखेर पावसाळा तोंडावर आला. समुद्रातले मचवे एकेक करून किनाऱ्यावर ओढले जाऊ लागले, आणि त्याच सुमारास एका सकाळी मोटार चाचणीत उतरली. रावजींनी बोनेटवर पाणी ओतले आणि ते काचेवरून जावे तसे सपाट वाहत गेले. दारांवरून गेले. टपावरून गेले. मागच्या बाजूने तर ते केव्हाचेच जात होते. काशीरामने टोपी काढली. हे म्हणाले, "आप्पांना हाक मारा."

ओटीवर आप्पा नव्हते. कोट नव्हता, काठी नव्हती, पिशवी नव्हती.

आता, मी घरातल्या कुणालाही नजरेआड न करणारी बाई आहे. बाळ झोपेत कुशीवर वळले तरी मला कळते. मी विहिरीत वाकून पाहिले. माडाच्या बागेत पाहिले. रावजी रस्त्याने एका दिशेला गेले, हे दुसऱ्या. धुतलेली मोटार काढावी, असे कुणाच्याही मनात आले नाही.

दगडी गडग्यापलीकडून खतिजाबींनी विचारले, "कुणाला शोधताव? आप्पांना? ते नझीरच्या मचव्यातून गेले." नझीर त्यांचा मुलगा. जयगडला कौले उतरवायला त्याची शेवटची फेरी होती. "हेदवीपर्यंत पोचवून आणतो म्हणालाय. तुम्हाला सांगून गेले ते."

सांगून गेले होते. सकाळी मी मडगार्ड पुसत असताना मागून आवाज आला होता, "सूनबाई, येतो." मी मान न वळवता म्हटले होते, "आप्पा, ओल्यावर पाय देऊ नका."

समितीने परिस्थितीचा विचार केला. आप्पा गेलेच होते. मचव्यामागे मोटार धावत नाही. इकडे रंग उघडा पडला होता आणि वारा समुद्राकडून होता. दुपारपर्यंत नवीन मेणाचा पहिला हात देऊन झाला.

दोन दिवसांनी आप्पा परतले. कोटावर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग होते. त्यांनी बाळाच्या हातावर प्रसाद ठेवला, मग बोनेटवरून एक बोट फिरवले. "गुळगुळीत झालीय," ते म्हणाले. "आता कुठे नेऊ नका हिला."

"आप्पा, दर्शन झालं ना? दिसलं?" मी विचारले.

"झालं की. मोजले. आठ दिसले." ते ओटीवर टेकले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आणि दोन असणारच."

हे आत गेले. रावजींनी चाचणीसाठी आणलेला तांब्या परत विहिरीवर नेऊन ठेवला.

आपण इथवर वाचलेत ते जुने मेण कसे काढावे हे कळेल म्हणून, याची मला जाणीव आहे. सांगते. कोमट पाणी, रिठे, घट्ट कणकेचा गोळा, हलका हात, शेवटी अळवाची चाचणी. पुसायला जुने धोतर उत्तम. पण तुमच्याही घरी काहीतरी झाकून, पुसून, जपून ठेवलेले असेल, आणि ते कुणासाठी आणले होते हे तुम्हाला आठवत असेल. कणीक जरा राहू द्या. हा कागद उपडा ठेवा, ओटीवर जा, आणि कोट घालून कुणी बसले आहे का बघा. बसले असेल तर त्यांच्यासमोर आपला हात धरा, आणि बोटे किती आहेत ते विचारा.